नागपूर खायचं तर धरमपेठेतून बाहेर पडा!

पास्ता, मोमो, बर्गर, रामेन... धरमपेठेत सगळं जग खाता येतं. मग खुद्द नागपूर कुठे खायचं? आणि आपण ते मागितलंच नाही, तर ते शिजणार तरी कोणासाठी?

पुण्या-मुंबईची मैत्रीण सुट्टीत नागपूरला येते. सामान ठेवते आणि पहिला प्रश्न विचारते, 'इथलं स्पेशल काय? कुठे जाऊ या खायला?' उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं. तर्री पोहे, सावजी, संत्रा बर्फी. ती खूश. मग ती विचारते, 'आणि?'

या 'आणि'वर आपण अडकतो. कोणी म्हणतं, हल्दीरामला जाऊ. कोणी म्हणतं, फुटाळ्यावर मॅगी मस्त मिळते. वडाभात, गोळाभात, सांबारवडी, पाटोडी, लंबी रोटी, सरगुंडे ही नावं त्या वेळी आठवतच नाहीत. आठवलीच तर पुढचा प्रश्न येतो: हे मिळतं कुठे? आणि मग लक्षात येतं, की आपल्याला माहीतच नाही.

मला वाटतं, हा फक्त पाहुण्यांना फिरवण्याचा प्रश्न नाही. एखादा पदार्थ कुठे मिळतो हे त्या शहरातल्या तरुण पोरांना माहीत नसेल, तर दहा-पंधरा वर्षांत तो मिळेनासा होतो. कारण बाहेर खाण्यावर सगळ्यात जास्त पैसे उडवणारे आपणच आहोत. आपण जिथे उभे राहतो तिथे दुकानं वाढतात.

धरमपेठेचं मेन्यूकार्ड

लॉ कॉलेज चौकातून वेस्ट हायकोर्ट रोडने लक्ष्मीभुवन चौकाकडे चालत या. कॅफे, पिझ्झा, मोमो, शोरमा, वॅफल, बबल टी. बोर्ड वाचता वाचता जगाचा नकाशा पूर्ण होतो. सकाळच्या पोह्यांच्या ठेल्यावर आणि एखाद्या आलूबोंड्याच्या कढईवर नागपूर दिसतं, पण संध्याकाळी, म्हणजे आपण खऱ्या अर्थाने बाहेर पडतो तेव्हा, ते फारसं नजरेला पडत नाही.

गैरसमज नको. मोमो खाऊ नका, असं सांगणारं हे आजोबांचं लेक्चर नाही. मोमो मस्तच लागतात. पण चार जणांच्या ग्रुपने आठवड्यातून तीनदा बाहेर खायचं आणि तिन्ही वेळा जे खायचं ते पुण्यात, इंदूरला, बंगळुरूला अगदी सारखंच मिळतं, यात गंमत काय? धरमपेठेत राहून आपण नेमके कुठे राहतो हे जिभेला कळतच नाही.

पास्ता आजीच्याही घरी होता

आता जरा सरगुंड्यांबद्दल. विदर्भात, त्यातही पूर्व विदर्भातल्या घरांमध्ये उन्हाळ्यात होणारा हा पदार्थ. गव्हाचं पीठ घट्ट मळायचं, त्याची लांब वळी करायची आणि ती बारीक काडीवर गोल गोल गुंडाळायची. मग काडी अलगद काढून घ्यायची, की मधून पोकळ अशी पिळाची नळी तयार. ती वाळवायची, उकळत्या पाण्यात शिजवायची आणि आमरसासोबत खायची.

वाचताना काही ओळखीचं वाटलं? दक्षिण इटलीत पास्ता असाच बनतो. सिसिलीतल्या त्रापानी भागात 'बुसियाते' नावाचा पास्ता काडीवर गुंडाळून करतात. कालाब्रियात त्यासाठी लोखंडाची बारीक सळी वापरतात. तिकडच्या आज्याही पाटावर पीठ घेऊन बसतात आणि एकेक नळी ओढून काढतात. दोन्हीकडचं तंत्र जवळपास एकच आहे. फरक एवढाच, की त्यांनी आपली काडी जगभर मिरवली आणि आपण आपली माळ्यावर ठेवून दिली. बुसियाते आज तिकडच्या हॉटेलांच्या मेन्यूवर रुबाबात बसलेला असतो. आपण कॅफेत दोनशे-तीनशे रुपये मोजून पास्ता मागवतो आणि घरी सरगुंडे केले तर म्हणतो, 'हे काय गावठी!'

हा 'गावठी' शब्दच सगळ्या घोळाचं मूळ आहे. जेवण आवडत नाही असं नाही, ते खाताना दिसायला आपल्याला लाज वाटते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून शिकायला आलेली आणि धरमपेठ-शंकरनगरच्या आसपास होस्टेलला, पीजीत राहणारी कितीतरी पोरं-पोरी हे सगळं खाऊन मोठी झालेली असतात. इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच ती गप्प होतात आणि सगळ्यांसोबत व्हाइट सॉसची ऑर्डर देतात.

मग खायचं कुठे?

सुरुवात सोपी आहे. तर्री पोह्यांना धरमपेठ सोडायचीही गरज नाही. पण ते सकाळी खा. पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री, वरून कांदा, सांबार आणि लिंबू. (पुणेकर मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर ती इडली शोधत बसेल.) कस्तुरचंद पार्कच्या बाजूचे पोहे तर गावभर प्रसिद्ध आहेतच. पण आपल्या कॉलेजच्या वाटेवरचा, ज्याचं नावही कोणाला माहीत नसतं, तो ठेलाही तेवढाच नागपुरी आहे.

खरी पायपीट सावजीसाठी. 'सावजी' असा बोर्ड आज शहरभर दिसतो, हायवेच्या ढाब्यावरही दिसतो. पण हे जेवण मुळात हलबा कोष्टी समाजाच्या घरातलं. हे लोक विणकर. इतवारी, महाल, गोळीबार चौक, तांडापेठ या जुन्या नागपुरात त्यांचे हातमाग चालायचे. पुढे कापडाच्या गिरण्या आल्या. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती १८७७ मध्ये. हातमागाचा धंदा बसत गेला, नंतर गिरण्याही थकल्या. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली आणि त्या जागेवर आज मॉल उभा आहे. मागावर पोट भरेना तेव्हा अनेक घरांनी चुलीचा आधार घेतला. पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली, आत घरातल्या बायांनी मसाला वाटला आणि खानावळ सुरू झाली. म्हणजे सावजीचा बोर्ड हा एका बुडालेल्या धंद्यानंतर पुन्हा उभं राहिलेल्या माणसांचा बोर्ड आहे.

म्हणून सावजी खायचं तर एकदा तरी जुन्या नागपुरात जाऊन खा. धने, खसखस, दगडफूल, काळी मिरी असा भाजून वाटलेला काळा मसाला आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. मटण तर आहेच, पण खूर, मुंडी, वजडी, सुंदरीही असते. शाकाहारी असाल तर पाटोडी रस्सा आणि डाळ कांदा मागा, सोबत ज्वारीची भाकर. एक काम आवर्जून करा. कशाचं तेल वापरता, मसाला घरी वाटता का, असं काउंटरवर प्रेमाने विचारा. कोणी रागावत नाही. उलट गिऱ्हाइकाला यातलं कळतं म्हटल्यावर ताटात रस्सा वाढतो.

आणि प्लीज, ते 'सावजी चॅलेंज'वाले रील बंद करा. डोळ्यांत पाणी, नाकातून धार, 'ओ माय गॉड' असा आरडाओरडा. त्याने एवढंच पसरतं की सावजी म्हणजे नुसतं तिखट. तिखटाच्या मागे काय काय आहे ते चाखायला थोडं हळू खावं लागतं.

रोमने काय केलं

आतडी, पाय, मुंडी ऐकून नाक मुरडलं असेल, तर रोमची गोष्ट ऐका. रोममध्ये टेस्टाचो नावाचा भाग आहे. तिथे १८९० च्या सुमारास शहराचा मोठा कत्तलखाना सुरू झाला आणि १९७५ पर्यंत चालला. चांगलं मांस श्रीमंतांकडे, चर्चकडे, सैन्याकडे जायचं. उरलेलं शेपूट, आतडी, पोट कामगारांच्या वाट्याला यायचं. अनेकदा मजुरीचा भाग म्हणूनच. या उरलेल्या मांसाला ते 'पाचवा चौथाई' म्हणतात, म्हणजे हिशोबात न धरलेला हिस्सा. आजूबाजूच्या खानावळींनी त्यातूनच शेपटीचा रस्सा केला, आतड्यांचा पास्ता केला.

आज रोमला जाऊन 'इथलं स्पेशल कुठे खाऊ?' असं विचारलं, तर माहीतगार माणूस टेस्टाचोला पाठवतो. कत्तलखान्याच्या जुन्या इमारतींत आता कलाकेंद्र आहे आणि विद्यापीठाचा आर्किटेक्चर विभागही. कामगारांचं जेवण शहराने स्वतःची ओळख म्हणून ठेवलं, लपवलं नाही.

विणकरांची इतवारी आणि कामगारांचं टेस्टाचो, दोन्हीकडची कथा किती जवळची आहे बघा. पण इतवारीत आपण किती वेळा जातो? धरमपेठेतल्या कितीतरी पोरांसाठी नागपूर सीताबर्डीला संपतं. रेल्वे लाइनच्या पलीकडे जाणं म्हणजे लग्नाची खरेदी, तीही आईसोबत.

जे बोर्डावर नाही ते

लंबी रोटी व्हायरल झाली ती व्हिडिओंमुळे. पातळ, लवचीक कणीक हातांवर झुलवत झुलवत लांब करायची आणि उलट्या ठेवलेल्या गरम मटक्यावर अलगद टाकायची. रुमालाएवढी पातळ रोटी क्षणात भाजून निघते. बघणारा 'वाह' म्हणतो आणि स्क्रोल करतो. पण ही रोटी नागपूरच्या दलित वस्त्यांमध्ये लग्नाकार्याला, मटणाच्या रश्श्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या होत आली. धुरासमोर तासन्‌तास बसून ती करणाऱ्या बायांचं ते कसब आहे आणि रोजगारही. शहराच्या 'स्पेशल' पदार्थांच्या यादीत ती इतकी वर्षं का नव्हती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. यादी कोण करतं, त्यावर यादीत काय येतं हे ठरत असतं. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातल्या दलित खाद्यपरंपरेवरचं पुस्तक लिहिलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की 'मराठी जेवण' म्हणून जे छापून येतं ते सगळ्यांचं नसतं. तर रोटीची ऑर्डर द्या, घरच्या कार्यक्रमाला मागवा आणि भाव करू नका.

दुसऱ्या टोकाला आहे वडाभात. डाळींच्या भरडाचे वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत फोडणीचं तेल आणि सोबत कढी. गोळाभात त्याचाच भाऊ, फक्त गोळे तळायचे नाहीत, भातातच वाफवायचे. धरमपेठ, रामनगरच्या जुन्या मराठी घरांतला हा रविवारचा बेत. नागपूरच्या विष्णू मनोहर यांच्या 'विष्णूजी की रसोई'ने असं वैदर्भीय जेवण थाळीत आणलं, ते चाललंही. म्हणजे गिऱ्हाईक आहे. थंडीत सांबारवडी काही फरसाणवाल्यांकडे मिळते. बाकी बरंचसं अजून घरातच आहे, आणि घरात करणारी पिढी आता सत्तरीकडे आली आहे. सरगुंड्यांची काडी कशी फिरवायची हे यूट्यूबवर बघण्याआधी आजीकडून बघून घ्या. तिला कॅमेऱ्यासमोर बसवा, हरकत नाही. रील करायचंच तर हे करा.

'पण मुलींनी जायचं का तिथे?'

हा प्रश्न येतोच आणि तो खरा आहे. जुन्या सावजी भोजनालयांत बहुतेक पुरुषच दिसतात. अंधार, पडदे लावलेले कप्पे, शेजारच्या टेबलावर बाटली. घरचे म्हणतात, 'तिकडे नको.' त्यामुळे मसाला बायांनी वाटायचा आणि जेवायला मात्र पुरुषांनी बसायचं, असा उलटा कारभार झाला आहे. याला उत्तर 'जाऊ नका' हे नाही. दुपारच्या वेळी ग्रुपने जा. सहा मुली एका टेबलावर भाकर मोडताना दिसल्या की पुढच्या आठवड्यात मालकच आपणहून लाइट वाढवतो. खानावळवाल्यांनीही हे समजून घ्यावं. स्वच्छ हात धुवायची जागा, नीट टॉयलेट आणि उजेड एवढं दिलं, तरी शहरभरच्या कॉलेजच्या पोरी तुमच्याकडे येतील. परंपरा म्हणून घाण सहन करायला कोणी बांधील नाही.

लोकल म्हणजे शुद्ध नव्हे

कोणी म्हणेल, हे लोकल-लोकल म्हणजे उगाच अस्मितेचं राजकारण. तशी भीती मलाही वाटते, म्हणून हेही सांगायला हवं. सावजीची मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांमार्फत इकडे आलेली. इटलीचा टोमॅटोही तिकडूनच आलेला. संत्रा बर्फीचे पुडे आपण पाहुण्यांच्या हाती देतो, ते हल्दीराम घराणं मूळचं बिकानेरचं. १९३२ पासूनचं दिनशॉज हे एका पारशी कुटुंबाने नागपुरात सुरू केलेलं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आपली भाषा आणि आपलं ताट, दोन्ही मिसळलेलं आहे. उद्या धरमपेठेतला मोमोही तर्रीत बुडून नागपुरी होईल, झालाही असेल. होऊ द्या.

माझा मुद्दा साधा आहे. नवीन येऊ द्या, पण जुनं जाऊ नये म्हणून कोणीतरी ते विकत घ्यायला हवं. संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भिवापूरच्या मिरचीला आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही मिळालं. कागदावर सन्मान झाला, छान झालं. पण मिरचीचा शेतकरी टिकतो तो ती मिरची कोणीतरी रोज वाटतं म्हणून.

चारातून एकदा

तर एक साधा हिशोब मांडते. चार वेळा बाहेर खायला गेलात, तर त्यातलं एक जेवण नागपूरचं असू द्या. तीन वेळा पिझ्झा, बर्गर, मोमो खुशाल खा.

जायचं कसं, हा बहाणा आता चालणार नाही. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली. एलएडी चौक किंवा शंकरनगर चौक स्टेशनवर बसा, गाडी न बदलता अग्रसेन चौक, चितारओळीला उतरा. तिथून पुढे जुनं नागपूर पायी फिरा, विचारत विचारत जा. नागपूरकर पत्ता सांगताना अर्धा रस्ता सोबत चालत येतो, तेवढं गृहीत धरा.

कॉलेजच्या गॅदरिंगला फूड स्टॉल लागतात. या वर्षी पास्ता काउंटरच्या शेजारी एक वडाभाताचा स्टॉल लावून बघा. लंबी रोटी करणाऱ्या ताईंना बोलवा, त्यांचे पूर्ण पैसे द्या आणि त्यांचं नाव बॅनरवर लिहा. गडचिरोलीच्या रूममेटला विचारा, तुमच्याकडे पावसाळ्यात तरोट्याची भाजी कशी करतात. तिला घरून डबा आणायला सांगा आणि तिच्यासमोर ताव मारा. कॅफे चालवणाऱ्या दादालाही विचारा, 'उन्हाळ्यात आमरस-सरगुंडे ठेवाल का?' पहिल्यांदा तो हसेल. दहा जणांनी विचारलं तर तो काडी शोधायला लागेल. धरमपेठेचं मेन्यूकार्ड शेवटी आपल्याच ऑर्डरींनी लिहिलेलं आहे राजेहो, त्यात एक ओळ वाढवायची तर ती ऑर्डरही आपल्यालाच द्यावी लागेल.